जनरल रजिस्टरमधले नाव शोधताना : टक्का, अधोरेषा आणि आपली वेलांटी

प्रश्न थोडक्यात असा आहे. शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरमधल्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रवेशाच्या कायम नोंदवहीतल्या, सुमारे चाळीस हजार नोंदी देवनागरीत संगणकावर चढवल्या आहेत. दाखल्याची दुसरी प्रत मागायला कोणी आले की लेखनिक शोधाच्या चौकटीत नाव घालतो. मग एक तर काहीच येत नाही, नाहीतर तीनशे नावे येतात. % लावून पाहिले, _ लावून पाहिले, पण अंदाज बसत नाही. ही चिन्हे नेमकी कुठे लावायची?

मी बरीच वर्षे शाळा, ग्रंथालये आणि पतसंस्था यांच्या नोंदी संगणकावर आणण्याचे काम करतो. या प्रश्नाला दोन ओळींचे उत्तर देऊन मी पूर्वी मोकळा होत असे, आणि ते उत्तर अपुरे असायचे. दाखल्यासाठी येणाऱ्या माणसाची जन्मतारीख, जात, पेन्शन, कधी वारसाहक्क त्या एका नोंदीवर अडलेला असतो. 'नोंद आढळत नाही' असे लिहून देण्याआधी शोध नीट झालाच पाहिजे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी चिन्हांचा अर्थ. एसक्यूएल ही डेटाबेसमधून माहिती मागायची भाषा, आणि तिच्यातला 'लाइक' हा शब्द दिलेल्या साच्याप्रमाणे मजकूर जुळवतो. त्यात % म्हणजे कितीही चिन्हे, एकही नसले तरी चालेल. _ म्हणजे नेमके एक चिन्ह, कमी नाही, जास्त नाही. एक्सेलच्या फिल्टरमध्ये हेच काम * आणि ? करतात. ग्रंथालयाच्या प्रणालींमध्येही बहुधा * असतो. त्यामुळे एका प्रणालीतली सवय दुसरीत नेऊ नका. एसक्यूएलमध्ये * टाकून शोधले तर ती प्रणाली खरोखरच तारा असलेले नाव शोधत बसेल आणि शून्य उत्तर देईल. 'सापडत नाही' अशा कित्येक तक्रारींचे मूळ एवढेच निघाले आहे.

आता खरा मुद्दा. वाइल्डकार्ड, म्हणजे % आणि _ सारखी कुठल्याही अक्षराच्या जागी चालणारी चिन्हे, लावायची ती लिहिणाऱ्याचा हात जिथे डळमळू शकतो तिथे. जिथे हात डळमळत नाही तिथे अक्षर पक्के धरायचे. मराठी नावात व्यंजने बहुधा पक्की असतात आणि काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार डळमळतात. सुनीता-सुनिता, नीलेश-निलेश, प्रवीण-प्रविण, विष्णू-विष्णु ही नावे तुमच्या रजिस्टरमध्ये दोन्ही प्रकारे असणारच. लेखनिक मात्र सवयीने उलट करतात. पहिली दोन-तीन अक्षरे मात्रांसकट टाइप करतात आणि शेवटी % लावतात. 'सुनी%' लिहिले की सुनिता कायमची हातची गेली, कारण चूक % च्या आधीच पक्की होऊन बसली.

इथे युनिकोडची, म्हणजे सगळ्या लिप्या संगणकात साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीची, रचना आपल्या उपयोगी पडते. संगणकात देवनागरी मजकूर आपण वाचतो त्या अक्षरांनी साठत नाही. व्यंजन हे एक चिन्ह, त्याला लागलेली मात्रा हे दुसरे, हलन्त (पाय मोडण्याची खूण) हे आणखी वेगळे. 'सुनीता' म्हणजे स, उकार, न, वेलांटी, त, काना अशी सहा चिन्हे. आणि _ एका चिन्हाची जागा घेते, अक्षराची नव्हे. म्हणून 'सुन_ता' असे लिहिले की ती अधोरेषा नेमकी वेलांटीच्या जागी बसते आणि पहिली-दुसरी दोन्ही वेलांट्या सापडतात. 'न_लेश', 'प्रव_ण', 'विष्ण_', गावाचे नाव असेल तर 'नागप_र'. व्यंजनाला धक्का न लावता फक्त मात्रा मोकळी सोडता येण्याची ही सोय फार मोलाची आहे, आणि मला भेटलेल्या दहातल्या नऊ लेखनिकांना ती माहीत नव्हती.

याच रचनेमुळे घोटाळाही होतो. 'लक्ष्मी' डोळ्यांना दोन अक्षरांची दिसते, म्हणून कोणी 'ल_' लिहून शोधतो आणि हाती काही लागत नाही. संगणकाच्या लेखी ती सात चिन्हे आहेत: ल, क, हलन्त, ष, हलन्त, म, वेलांटी. 'प्रिया' सहा चिन्हांची. जोडाक्षर आले की अधोरेषा मोजत बसू नका, तिथे % बरा. 'ल%मी' लिहिले की लक्ष्मी येते, लक्षुमी येते, घाईत टंकलेली लक्शमीही येते. तसेच 'क%ष्णा' मध्ये कृष्णा, क्रुष्णा, क्रिष्णा तिन्ही येतात. ज्ञानेश्वर-द्न्यानेश्वर यांच्यासाठी '%नेश्वर' पुरते.

जोडाक्षर आतून सुटे असते हे लक्षात राहिले तर आणखी एक कोडे सुटते. 'क%' शोधल्यावर क्षीरसागर का येतात? कारण क्ष म्हणजे क, हलन्त, ष. तसेच 'ज%' मध्ये ज्ञानदेव येतात, 'त%' मध्ये त्र्यंबक, 'श%' मध्ये श्रीधर. ही प्रणालीची चूक नाही. आणि '%कर' लावून आडनावे काढायला गेलात तर गावसकर, सावरकर यांच्या रांगेत भास्कर, दिनकर, शंकर आणि मधुकरही येऊन उभे राहतील.

रवींद्र हे नाव जरा वेगळे आहे. रविंद्र, रवींद्र, रवीन्द्र अशा तीन प्रकारे ते लिहिलेले सापडते. पहिल्या दोघांत 'रव' आणि 'द्र' यांच्यामध्ये दोन चिन्हे आहेत, तिसऱ्यात तीन, कारण अनुस्वाराच्या जागी पाय मोडलेला न आला. तेव्हा 'रव%द्र'. शिंदे-शिन्दे, पंडित-पण्डित, संत-सन्त ही सगळी याच घरातली. भोसले-भोंसले मध्ये तर अनुस्वार एकात आहे आणि दुसऱ्यात नाहीच. तिथे अधोरेषा चालत नाही, कारण तिला एक चिन्ह हवेच असते.

जुन्या रजिस्टरमध्ये हा सगळा गोंधळ इतका का, हे समजून घेतले तर शोध नेमका होतो. आधीच्या पिढ्यांतले अनेक कारकून मोडीत लिहायला शिकलेले, आणि मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत. पुढे त्यांनीच देवनागरीत नावे लिहिली तेव्हा वेलांटी कुठली द्यायची हे त्या दिवसाच्या हातावर राहिले. दुसरे म्हणजे शुद्धलेखनाचे नियमच मध्ये बदलले. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ झाले, गावाच्या नावातला 'पूर' दीर्घ ठरला. म्हणजे १९५० च्या सुमाराची नोंद 'हरि' किंवा 'विष्णु' असेल आणि आजचा लेखनिक शाळेत शिकल्याप्रमाणे 'हरी' आणि 'विष्णू' टाइप करील. दोघांचेही बरोबर. नोंदीचे साल विचारून मगच नाव टाइप करायची सवय लावा, ही माझी प्रत्येक शाळेला पहिली विनंती असते.

एका शाळेत ऐंशीच्या घरातले एक आजोबा तीन वेळा रिकाम्या हाताने परत गेले होते. नाव विष्णू, प्रवेश चौथीत. मी सहज 'विष्ण_' आणि वडिलांच्या नावाची पहिली दोन व्यंजने घातली, पाच नावे आली, त्यांतले तिसरे त्यांचे. ऱ्हस्व उकार, बस्स. खुर्चीवर बसून त्यांनी पडद्यावरची ती ओळ दोनदा वाचली. तेव्हापासून मी हे काम 'फक्त सॉफ्टवेअरचे' मानत नाही.

आता पूर्ण नावाचा प्रश्न. बहुतेक शाळांनी नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव एकाच रकान्यात चढवलेले असते. काही पानांवर आडनाव आधी, काहींवर शेवटी. नावाआधी कु., चि., नंतरच्या काळात श्री., सौ. अशा नोंदी. त्यामुळे 'सुन_ता%' ला 'कु. सुनिता' सापडत नाही, सुरुवातीलाही % हवा: '%सुन_ता%'. आणि नाव व आडनाव एकाच साच्यात गुंफू नका. '%सुन_ता%शि_दे%' असे लिहिले की आडनाव आधी असलेली नोंद निसटते. दोन वेगळ्या अटी द्या आणि मध्ये 'अँड' ठेवा, म्हणजे क्रम कसाही असला तरी चालतो.

इथे एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडलेलो आहे. % शब्दाच्या शेवटी थांबत नाही, मोकळी जागा ओलांडून पुढच्या शब्दात जातो. शिंदे शोधायला '%श%दे%' लिहिले तर 'शंकर देशपांडे' सुद्धा बसतात, शंकरमधला श आणि देशपांड्यांचा दे. पूर्ण नाव एका रकान्यात असेल तर आडनावाच्या आत % वापरू नका. तिथे अधोरेषाच घ्या आणि प्रत्येक शक्यतेची वेगळी अट 'ऑर' ने जोडा: '%शि_दे%' किंवा '%शि__दे%'. पहिली शिंदे पकडते, दुसरी शिन्दे. भोसल्यांसाठी '%भोसले%' किंवा '%भो_सले%'. कुलकर्णी-कुळकर्णी यांना 'कु_कर्णी' पुरते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवर असाल तर 'कु[लळ]कर्णी' असे चौकटी कंसात पर्यायही देता येतात. त्याच सर्व्हरवर देवनागरी मजकुराच्या अवतरणचिन्हाआधी 'एन' हे रोमन मोठे अक्षर द्यायला विसरू नका, आणि रकाना एनव्हारचार, म्हणजे युनिकोड मजकूर साठवणाऱ्या, प्रकारचा असू द्या. नाहीतर तुमच्या शिंद्यांची प्रश्नचिन्हे होतात आणि ती शोधून काही हाती लागत नाही.

वाइल्डकार्ड बरोबर लावूनही नाव सापडत नसेल तर मजकूर कसा साठला आहे ते पाहायची वेळ आली. डोळ्यांना सारखी दिसणारी दोन नावे आतून वेगळी असू शकतात. 'गोऱ्हे' घ्या. त्यातला र कोणी नुक्तावाल्या (खाली टिंब असलेल्या) ऱ पासून बनवतो, कोणी साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही तेच, पण 'गोऱ्हे' टाइप करून तुमच्या कळफलकाने जो प्रकार दिला तोच सापडणार, दुसरा नाही. '%गो__हे%' किंवा '%गो___हे%' अशा दोन अटी द्या, दोन्ही येतील. कऱ्हाडकरांचे तसेच. 'ॲ' चेही दोन प्रकार आहेत: स्वतंत्र अक्षर, जे युनिकोडमध्ये उशिरा, २००८ साली आले, आणि त्याआधीपासूनचा अ अधिक चंद्र. युनिकोडच्या नेहमीच्या एकरूपीकरणाने (नॉर्मलायझेशनने) नुक्त्याचे प्रकार जुळतात, पण हे चंद्राचे दोन प्रकार आणि अदृश्य जोडचिन्हाचा प्रकार जुळत नाहीत. ते तुम्हाला स्वतः नियम लिहून बदलावे लागतात.

त्याहून वाईट म्हणजे काही नोंदी युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेल्या असणे. कृतीदेव किंवा त्या जातीच्या फॉन्टमध्ये दिसते मराठी, पण आत साठलेली असतात रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे. शिवाय पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर साठतो, म्हणजे दिसण्याच्या क्रमाने. अशा रकान्यात कुठल्याही वाइल्डकार्डने शोधू नका. आधी सगळे युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि बदलल्यावर शंभरेक नोंदी मूळ वहीशी माणसाने ताडून पाहा. परिवर्तकावर डोळे मिटून विश्वास ठेवल्याने रफार चुकीच्या अक्षरावर गेलेली नावे मी ढिगाने पाहिली आहेत.

चाळीस हजार नोंदी असतील तर माझा आग्रह असा की रोजच्या वापरासाठी शोधाचा एक वेगळा रकाना करा. आम्ही त्याला 'सांगाडा' म्हणतो. मूळ नाव जसेच्या तसे राहू द्यायचे आणि शेजारच्या रकान्यात त्याचे फक्त व्यंजनांचे रूप ठेवायचे. कृती अशी: आधी कु., श्री. वगैरे काढा आणि अदृश्य चिन्हे व नुक्ते काढून टाका. मग अनुनासिक व्यंजन हलन्तासह आपल्याच वर्गातल्या, अनुनासिक नसलेल्या व्यंजनाआधी आले असेल तर त्याचा अनुस्वार करा, म्हणजे शिन्दे चे शिंदे होईल. अण्णा किंवा जन्मेजय यांना मात्र हात लावायचा नाही, तिथे पुढचे ण आणि म हे स्वतःच अनुनासिक आहेत. मग अनुस्वार, सगळ्या मात्रा आणि हलन्त काढा. ळ चा ल करा, ण चा न, श आणि ष यांचा स. सुरुवातीच्या किंवा मधल्या इ-ई आणि उ-ऊ एक करा, म्हणजे राऊत-राउत जुळतील. सुनीता आणि सुनिता दोन्हींचे 'सनत' होईल, शिंदे-शिन्दे यांचे 'सद'.

क्रम महत्त्वाचा आहे. अनुस्वाराची पायरी हलन्त काढण्याच्या आधीच व्हायला हवी, नाहीतर शिन्दे चे 'सनद' होऊन बसते. कृष्णा-क्रुष्णा या जोडीसाठी ऋकाराचे रूप आधीच र मध्ये बदलून घ्या, तो मात्रेसारखा गाळू नका. लेखनिकाने टाइप केलेल्या नावालाही हीच कृती लावायची आणि सांगाड्याशी सांगाडा जुळवायचा. मग त्याला _ आणि % शिकायचीही गरज उरत नाही, आत काय ते प्रणाली बघते.

याची किंमत अशी की राम आणि रमा दोघांचाही सांगाडा 'रम' होतो, मीना आणि मनू 'मन' वर एकत्र येतात. म्हणून सांगाड्याने आलेली यादी हा निकाल समजू नका. यादीत मूळ नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, गाव आणि प्रवेशाचे साल दाखवा, हुबेहूब जुळणारी नावे वर आणि बाकीची खाली. निवड माणसाने करायची, आणि दाखल्यावर सही होण्याआधी मूळ वहीचे पान उघडायचेच.

रोमन लिपीतल्या नावांसाठी असे सांगाडे पूर्वीपासून आहेत. साउंडेक्स या पद्धतीचे अमेरिकेतले पेटंट १९१८ चे, पुढे तिथल्या जनगणनेच्या नावांची सूची त्यावर बांधली गेली. तुमच्या डेटाबेसमध्ये ते बहुधा तयार मिळेल, पण ते इंग्रजी उच्चारांसाठी घडवलेले आहे. देवनागरी नावांवर ते चालवण्यात वेळ घालवू नका.

वेगाबद्दल लोक विनाकारण घाबरतात. साचा पक्क्या अक्षराने सुरू होत असेल, जसे 'शि%', तर अनुक्रमणिका कामी येते. % ने सुरू झाला की सगळ्या ओळी वाचाव्या लागतात. शब्दकोशात सुरुवातीचे अक्षर माहीत असले तर पान उघडता येते, नसले तर पहिल्या पानापासून चाळावे लागते, तसेच. पण चाळीस हजार ओळी वाचायला आजच्या साध्या संगणकालाही डोळ्यात भरावा इतका वेळ लागत नाही. लाखो नोंदी असतील तेव्हा तीन-तीन चिन्हांच्या तुकड्यांची अनुक्रमणिका करता येते, पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये त्याची सोय आहे. शाळेला तिची गरज नाही.

काळजी घ्यायची ती दुसरीकडे. शोधाच्या चौकटीत कोणी नुसता % टाकला तर संपूर्ण रजिस्टर पडद्यावर येऊ देऊ नका. त्यात जात आहे, जन्मतारीख आहे, पत्ते आहेत. निदान दोन व्यंजने असल्याशिवाय शोध चालू नये, एका वेळी पन्नासपेक्षा जास्त नावे दिसू नयेत, आणि कोणी काय शोधले याची नोंद राहावी. टाइप केलेला मजकूर थेट एसक्यूएलच्या आज्ञेत चिकटवू नका, प्रोग्रामरला पॅरामीटर वापरायला, म्हणजे तो मजकूर आज्ञेपासून वेगळा पाठवायला सांगा. त्याने % आणि _ यांचा अर्थ मात्र बदलत नाही, ते नको असतील तिथे 'एस्केप', म्हणजे हे चिन्ह साधे अक्षर समजावे अशी खूण, वेगळी द्यावी लागते. नोंदणी क्रमांकात अधोरेषा असेल, उदाहरणार्थ 'जीआर_१२', तर हे हमखास आडवे येते.

शोधताना मूळ नाव 'दुरुस्त' करण्याचा मोह होतो. वेलांटी चुकली आहे हे दिसत असते, एक कळ दाबली की झाले. तसे करू नका. रजिस्टरमधले स्पेलिंग हाच पुरावा आहे. नावातला बदल माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने होतो, डेटाबेसच्या पडद्यावर होत नाही. त्याऐवजी 'इतर लेखन' असा एक रकाना ठेवा. ज्या नावाने माणूस आला आणि ज्या नावाने तो सापडला, ते दोन्ही त्यात लिहीत जा: विवाहानंतरचे नाव, घरचे नाव, रामचंद्रचे रामभाऊ. शोध त्या रकान्यातही चालवा. आणि न सापडलेल्या शोधांची यादी महिन्यातून एकदा काढून बसा. कुठली मात्रा, कुठले जोडाक्षर पुन्हा पुन्हा दगा देते ते तिच्यात दिसेल, त्याप्रमाणे सांगाड्याच्या नियमांत एकेक भर घाला.